भाऊंचा कापूस

भाऊंच्या जॅकेटच्या उजव्या खिशात कायम कापूस असायचा. तो कानात घालायला नव्हता, मासे पकडायला लागायचा. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात शिरले की भाऊ भिंतीला उभा केलेला एखादा रॉड उचलत, खिशातून कापसाचा बोळा काढत आणि रॉडवरच्या ज्या कड्यांमधून लाइन ओवतात, लाइन म्हणजे गळाची दोरी, त्या प्रत्येक कडीच्या आतून तो बोळा हळूहळू फिरवत. कडीला केसाएवढी जरी चीर असली तरी तिथे कापसाचा तंतू अडकतो, आणि जिथे तंतू अडकतो तिथे उद्या लाइन कापली जाते, असा त्यांचा हिशेब. काउंटरवरचा माणूस आधी त्यांच्याकडे संशयाने बघायचा, पुढे पुढे त्यालाही सवय झाली. तंतू अडकला की रॉड मुकाट्याने परत भिंतीला. नाही अडकला तर भाऊ एवढंच म्हणत, "पास." कौतुकाचा त्यांच्याकडे हा एकच शब्द होता आणि तो ते फक्त वस्तूंसाठी वापरत. माणसांना पास केलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

भाऊ मूळचे वर्ध्याकडचे. नागपूरला इंजिनिअर झाले, मग कॅनडात आले आणि निवृत्त होईपर्यंत टोरांटोच्या आसपासच्या उंच इमारतींच्या लिफ्ट तपासत राहिले. लिफ्टच्या तारेच्या दोरावरून सुती फडकं फिरवायचं, आतली एखादी तार तुटलेली असली की फडकं तिथे अडकतं, ही त्यांच्या धंद्यातली जुनी पद्धत. कापसाचं मूळ तिथे होतं. "मशीन खोटं बोलू शकते, कापूस नाही बोलत," असं ते म्हणत, आणि विदर्भाच्या माणसाने कापसावर नाही तर कशावर विश्वास ठेवायचा, हेही वर ऐकवत. दोर वाईट निघाला की लिफ्ट बंद. किल्ली काढून ते स्वतःच्या खिशात टाकत. मग बिल्डिंगचा मॅनेजर गयावया करो नाहीतर वरच्या मजल्यावरची आजी फोनवर रडो, दुरुस्ती झाल्याशिवाय ती किल्ली कोणाला मिळत नसे. एप्रिलमधल्या जयंतीच्या कार्यक्रमालासुद्धा ते हॉलवर सगळ्यांच्या आधी जाऊन स्टेजच्या फळ्या हलवून बघत. मंडळातली पोरं त्यांना गमतीने 'रिस्क विभाग' म्हणायची.

टोरांटोजवळच्या वॉनमधल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत त्यांची आणि माझी भिंत एक होती. मी पुण्याची, इथे एकटी राहते. धंद्याने सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारी. एरवीही मला काळजी करायला कारण लागत नाही, त्या वर्षी तर कारणही होतं. ऑफिसातले लोक एकेक करून कमी होत होते आणि मॅनेजरने मीटिंगला बोलावलं की मी आधी टेबलाचा खण आवरून ठेवायचे. एका सकाळी मी ड्राइव्हवे शोव्हल करत होते. बर्फ कधीच संपला होता, मी नुसतीच फावडं घासत होते. भाऊ शेजारच्या दारात कॉफी घेऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "डांबर काढून राहिली काय?" मी ओशाळून थांबले, तर म्हणाले, "हे पाय, काळजी करणाऱ्या माणसाले काळजी करू नको म्हणून काही फायदा नसते. त्याले काळजी करायले कामाचं काहीतरी देऊन द्यावं." त्या शनिवारी ते मला रॉड घ्यायला घेऊन गेले.

दुकानात मी रंगावरून एक रॉड उचलला, तो त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला. रॉड डोळ्यांनी घ्यायचा नसतो म्हणाले. मला डोळे मिटायला लावले, मूठ हातात दिली आणि स्वतः दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. भर दुकानात डोळे मिटून काठी धरून उभं राहायचं म्हणजे माझी फटफजितीच. "लागलं का?" त्यांनी विचारलं. मला काहीच लागलं नव्हतं. दुसरा रॉड दिला. पुन्हा, "लागलं का?" चौथ्या की पाचव्या रॉडला तळहातात मुंगी चालल्यासारखं काहीतरी झालं. डोळे उघडून पाहते तर भाऊ रॉडच्या शेंड्याला नुसत्या कापसाने स्पर्श करत होते. बुडाशी भरीव, शेंड्याला चपळ, लांबीला माझ्यापेक्षा हातभर जास्त असा तो रॉड होता. बास नावाचा इथला मासा एकदम चावत नाही, तो आधी आमिष तोंडात धरून अंदाज घेतो आणि पटलं नाही तर थुंकून देतो. तेवढ्या वेळात हाताला कळलं तर मासा आपला, हे मला त्या दिवशी समजलं. ज्या रॉडमधून असं काही कळायचं नाही त्याला भाऊ 'मुका रॉड' म्हणत.

लाइन गुंडाळायच्या रीलच्या बाबतीत मी त्यांचं ऐकलं नाही. मला बेटकास्टर हवं होतं, रॉडच्या वर बसणारं, दिसायला ऐटबाज. भाऊ म्हणाले घे. पहिल्याच फेकीला माझा अंगठा वेळेवर टेकला नाही आणि रीलमध्ये लाइनचा असा गुंता झाला की चिमणीने घरटं बांधावं. लेक सिमकोच्या धक्क्यावर बसून त्यांनी तो गुंता टूथपिकने सोडवला. तेवढ्यात त्यांची कॉफी गार झाली, आणि तेच फार लागलं. दुसऱ्या आठवड्यात मी निमूटपणे रॉडच्या खाली लटकणारं साधं स्पिनिंग रील घेतलं.

खरी त्यांची रसवंती सुरू व्हायची ती लाइन निवडताना. एकपदरी नायलॉनची मोनो लाइन ताणली जाते, म्हणजे ती सगळं ऐकून घेते पण निरोप पोचवत नाही. विणलेली ब्रेड लाइन निरोप तंतोतंत पोचवते, पण सिमकोच्या नितळ पाण्यात माशाला ती आधी दिसते. म्हणून रीलवर ब्रेड भरायची आणि शेवटची हात-दीड हात फ्लोरोकार्बनची जोडायची, जी पाण्यात दिसत नाही. जोडाची गाठ थुंकी लावून आवळायची, कोरडी आवळली तर ती स्वतःच्याच घर्षणाने जळते. ही शेवटची लाइन मुद्दाम रीलवरच्या लाइनपेक्षा कमकुवत घ्यायची. मी विचारलं, सगळंच भक्कम का नाही घ्यायचं? त्यावर ते जे म्हणाले ते मी आजपर्यंत अनेक मीटिंगांमध्ये मनातल्या मनात म्हटलं आहे. "कुठंतरी तुटणारच असते, पोरी. कुठं तुटावं ते आपण ठरवायचं. नाहीतर ते ठरवते."

आणि तुटायच्याही आधी रीलने लाइन सोडायला हवी. ती किती ताणाला सुटावी हे ठरवायला ते काटा वापरत. काटा कुठला, तर भारतात जाताना बॅगा तोलायचा. काकूंचा तो काटा लोणच्याच्या बरण्यांसाठी राखीव होता आणि त्याच्या हुकाला लाइन बांधून नवऱ्याने बेसमेंटभर ओढाओढ करावी हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. त्यात भाऊ पकडलेला प्रत्येक बास सोडून देत. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच चेपून टाकत, म्हणजे माशाला कमीत कमी इजा. पंचशील पाळायचं तर मासे पकडताच कशाला, असं काकू विचारायच्या, आणि रविवारी ग्रोसरीतून रोहू आणून त्याचं झणझणीत कालवण करायच्या. भाऊ दोन वाट्या ओरपत. त्या कालवणापुढे त्यांचा युक्तिवाद चालत नसे.

मागच्या वसंतात भाऊ अचानक रॉडवर रॉड घ्यायला लागले.

आधी मला गंमत वाटली. निवृत्त माणूस, हौस आहे. पण ते आणलेला रॉड एकदा वापरायचे आणि नाराज व्हायचे. "हा बोलत नाही," म्हणायचे. मग त्याहून महाग, त्याहून हलका आणायचे. ब्रेड बारीक केली, आणखी बारीक केली. त्यांच्यासारखा माणूस एकामागून एक मुके रॉड कसे काय निवडतो, हे मला समजेना. धक्क्यावर शेजारी उभी असताना मला त्यांच्या रॉडचा शेंडा हललेला दिसायचा आणि ते मात्र पाण्याकडे बघत स्वस्थ. "भाऊ, मासा," मी म्हणायचे. ते दचकून रॉड उचलायचे, तोवर मासा आमिष थुंकून गेलेला असायचा. मग कंपन्यांना बोल लावायचे, आता पहिल्यासारखा माल राहिला नाही.

जूनमध्ये, बासचा सीझन उघडायच्या आदल्या आठवड्यात, आम्ही त्यांच्या बेसमेंटमध्ये रॉड तयार करत बसलो होतो. भाऊंनी माझ्या रॉडच्या कड्यांतून कापूस फिरवला, म्हणाले "पास," आणि रॉड माझ्याकडे दिला. वरून तिसऱ्या कडीत कापसाचा चांगला नखभर झुपका अडकून राहिला होता. मला तो लांबून दिसत होता. भाऊंचा त्या कडीवर हात होता आणि बोटांना तो अडखळा कळलाच नव्हता. मी रॉड घेतला, झुपका अंगठ्याखाली झाकला आणि थँक्यू म्हटलं.

वर आले तर काकू जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. हातात भाऊंची एक सपात. "ही पाचव्या पायरीवर होती," त्या हळूच म्हणाल्या. "यायच्या पायातून निसटते न् यायले माहीतच नसते. एकच सपात घालून घरभर फिरून राहतात." भाऊंना शुगर होती, खूप वर्षांपासून. हिवाळ्यात हीटरला पाय लावून बसले आणि फोड आल्यावर काकूंना दिसला, त्यांना नाही. बोलायची सोय नव्हती. विषय काढला की ते उठून बेसमेंटमध्ये जात. मी कापसाचं सांगितलं तर काकू खुर्चीवर बसल्याच. मग त्यांनीच तो प्रश्न विचारला जो मी बेसमेंटच्या पायऱ्या चढताना गिळला होता. बोटांना कळत नाही, पायांना कळत नाही, तर हे गाडी कशी चालवतात?

त्याचं उत्तर मला पुढच्याच शनिवारी मिळालं. जायचं रद्द करायला मी तीन सबबी सांगितल्या, माझी गाडी नेऊया असंही म्हणून पाहिलं, पण भाऊंच्या मिनीव्हॅनमध्ये रॉड आडवे मावतात या मुद्द्यापुढे सगळं संपलं. जाताना नीट गेलो. मी सगळा रस्ता त्यांच्या पायांकडे बघत होते आणि ते मला, घाबरू नको, तुझी नोकरी जात नाही, असं समजावत होते. येताना चारशे नंबरच्या हायवेवरून आमच्या एक्झिटला वळलो. पुढे सिग्नल लाल होता, गाड्या उभ्या होत्या आणि आमची गाडी हळू होईना. भाऊंनी रस्त्यावरून नजर काढली आणि खाली वाकून पाहिलं. स्वतःचा पाय कुठे आहे ते त्यांनी डोळ्यांनी शोधलं. मग ब्रेक लागला, रॉड खडखडत पुढे आले आणि समोरच्या गाडीच्या मागे जेमतेम हातभर अंतरावर आम्ही थांबलो. त्या गाडीत मागे एक बेबी सीट होती. "पायाखालची मॅट सरकली," भाऊ म्हणाले. मॅट जागच्या जागी होती.

त्या रात्री मी काही झोपले नाही. नोकरीची काळजी किती आटोपशीर होती ते तेव्हा कळलं. भाऊंना सांगायचं तर कसं, आणि नाही सांगायचं तर पुढच्या वेळी त्या बेबी सीटचं काय. शेवटी सकाळी त्यांच्या दारात जाऊन सरळ सांगितलं की कडीत कापूस अडकला होता आणि तुम्हाला कळलं नाही, आणि काल मॅट सरकली नव्हती. ते म्हणाले, तो रॉडच बेकार आहे. पण काकूंनी शुगरच्या चेकअपची पुढे ढकललेली अपॉइंटमेंट त्याच आठवड्यात घेतली, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. मला 'सोबत' म्हणून चलायला सांगितलं. गाडी तेच चालवणार होते, आणि चालवली. मी पुढे बसले होते, त्यांच्या पायांवर डोळे लावून. काकू मागे डोळे मिटून बसल्या होत्या.

क्लिनिकमध्ये नर्सने त्यांना बूट-मोजे काढून टेबलावर बसवलं. मग तिने ड्रॉवरमधून एक छोटी दांडी काढली. दांडीच्या टोकाला बोटभर नायलॉनचा धागा होता. हा धागा मी पायाला टेकवीन, तुम्ही डोळे मिटा आणि जाणवलं की यस म्हणा, असं तिने सांगितलं. भाऊंनी तो धागा पाहिला मात्र, त्यांचा चेहराच उजळला. ही तर मोनो लाइन, किती पाउंडाची आहे, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. नर्स हसली. हा प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारला होता म्हणे.

भाऊंनी डोळे मिटले. ती टेकवत गेली आणि ते यस म्हणत गेले. यस, यस, थोडं थांबून यस. माझा जीव भांड्यात पडायला लागला होता. मग नर्स पेन घ्यायला वळली, धागा टेबलावर होता, आणि भाऊ म्हणाले, "यस."

खोलीतली शांतता त्यांना कळली असावी. त्यांनी डोळे उघडले. बाजूला पडलेला धागा पाहिला, नर्सकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आयुष्यभर त्यांनी मॅनेजर लोकांना हेच करताना पकडलं होतं. न तपासलेल्या दोरापुढे बिनदिक्कत ओके म्हणणारे. भाऊ ताठ बसले आणि म्हणाले, "डू इट अगेन, प्लीज. आय वॉज गेसिंग."

पुन्हा डोळे मिटले. या वेळी अंदाज नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. रॉड निवडताना असायचा तसाच तो एकाग्र होता. नर्सने धागा अंगठ्याला टेकवला. तो वाकला, कमान झाली. भाऊ गप्प. दुसऱ्या बोटाला, तळव्याला, टाचेला. मग दुसऱ्या पायाला. प्रत्येक वेळी धागा वाकताना मला दिसत होता आणि मी मनात म्हणत होते, लागलं का, भाऊ, लागलं का. काकूंनी माझा दंड घट्ट धरला होता. नर्सने सगळ्या जागा संपवल्या, धागा पुसला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. भाऊ अजून डोळे मिटून वाट बघत होते.

"ओके," ते म्हणाले. "यू कॅन स्टार्ट नाउ."

डॉक्टरांनी नंतर बरंच समजावलं. शुगर आटोक्यात आणता येईल, आणखी बिघडणं थांबवता येईल. गेलं आहे ते परत येईलच असं नाही. गाडी चालवायची नाही. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. पार्किंगमध्ये आल्यावर ते सवयीने ड्रायव्हरच्या दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. खिशातून किल्ली काढली. तिच्याबरोबर कापसाचा बोळाही बाहेर आला, तो त्यांनी परत आत टाकला. किल्ली माझ्या हातात दिली. "दुरुस्ती झाल्याशिवाय द्यायची नाही," ते म्हणाले. "मीच मागितली तरी." घरी येईपर्यंत प्रत्येक सिग्नलला त्यांचा उजवा पाय समोरच्या मॅटवर दाबला जात होता.

नाताळच्या आधी त्यांचा मुलगा आला आणि दोघांना त्याच्याकडे रेजिनाला घेऊन गेला. मिनीव्हॅन त्यानेच विकली. तिकडे बास जवळजवळ नाहीतच, भाऊ फोनवर कुरकुरतात. रॉड बहुतेक माझ्याच बेसमेंटमध्ये आहेत. माझी नोकरी अजून आहे, काळजीही आहे. पण मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या सप्टेंबरमधल्या एका सकाळचं.

रविवार होता. बेल वाजली, दार उघडलं तर भाऊ. डोक्यावर टोपी, हातात जुना रॉड, पायात दोन्ही बूट. सप्टेंबरात पाणी गार होतं आणि बास काठाला येतात, वर्षातला सगळ्यात चांगला महिना. "किल्ली दे बरं," ते म्हणाले. "फक्त लेकपर्यंत जातो. रविवारी सकाळी चारशेवर कोणी नसते."

मी तुम्हाला नेते म्हटलं, तर नको म्हणाले. एकट्याले जायचं आहे. मी ज्या माणसाकडून गाठ मारायला शिकले, ज्याने मला त्या भयंकर वर्षात दर शनिवारी घराबाहेर काढलं, त्याने माझ्याकडे कधीही काही मागितलं नव्हतं. मी हात पाठीमागे धरले.

"नाही, भाऊ."

"माझी गाडी आहे."

"हो."

"मग मी सांगून राहिलो, दे."

"दुरुस्ती झाली का?" मी विचारलं.

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. आता हे कधीच बोलणार नाहीत आपल्याशी, असं मला वाटलं. ते मला पारखत होते की खरंच किल्ली मागत होते, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचा धीरही झालेला नाही. मग त्यांनी मान हलवली.

"पास," ते म्हणाले.

रॉड त्यांनी माझ्या गाडीत तिरका घातला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले. सीटबेल्टचं बक्कल त्यांच्या बोटांना सापडेना. ते मी लावलं, एकदा ओढून पाहिलं आणि गाडी काढली.